आम्ही पोझ घेणार

फोटोग्राफीत दोन जाती आहेत म्हणे. एक उत्स्फूर्त, दुसरी ठरवून काढलेली. उत्स्फूर्त ती वरची. तिच्यात क्षण आहे, जिवंतपणा आहे, सत्य आहे. ठरवून काढलेली ती खालची. तिच्यात पोझ आहे, स्टुडिओचा पडदा आहे, लग्नाचा अल्बम आहे, साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर आहे. ही उतरंड कुणी रचली ते पुढे बघूच. पण आता ती आपल्यातलीच पोरं पाठ म्हणायला लागलीत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

दिंडोशी, संतोष नगर, कुरार, पिंपरीपाडा. इथल्या पोरांच्या हातात आज कॅमेरा आलाय. मोबाईल तर घराघरात आहे, काहींनी हप्त्यावर मोठा कॅमेराही उचललाय. ज्यांच्या बापाच्या हातात झाडू आणि आईच्या डोक्यावर घमेलं होतं त्यांच्या हातात लेन्स आली, याचा आनंद आहेच. पण लेन्सबरोबर खोक्यातून आणखीही काहीतरी येतं. परवा एक पोरगं मला म्हणालं, "दादा, विचारून काढला की फोटो मेला. माणसाला कळायच्या आत उडवायचा. कॅण्डिड तेच खरं." पोरगं हुशार आहे, हात चांगला आहे त्याचा. म्हणूनच त्याच्याशी भांडायचं.

आधी भाषा बघ, दोस्ता. आपल्या मराठीत फोटोला दोन क्रियापदं आहेत. एक, 'फोटो काढून घेणे'. आई म्हणायची, चल, फोटो काढून घेऊ. म्हणजे ठेवणीतली साडी, केसाला तेल, पोरांच्या तोंडाला पावडर, आणि स्टुडिओत जाऊन पैसे मोजून काढून घेतलेला फोटो. काढून घेणारी ती. फोटोग्राफर नुसता बटण दाबणारा, तिने कामाला लावलेला माणूस. दुसरं क्रियापद, 'टिपणे'. क्षण टिपला. भाव टिपले. दाहक वास्तव अचूक टिपलं. आता टिपतात काय? पाखरू टिपतात. सावज टिपतात. झाडाआड लपून, श्वास रोखून, त्याला कळायच्या आत. आपल्या रविवारच्या पुरवण्या वर्षानुवर्षं हाच शब्द वापरतायत आणि कुणालाही त्याच्यात काही खटकलं नाही. त्यांच्या घरात फोटो काढून घेतले जातात. आमच्या वस्तीत येऊन आम्हाला टिपलं जातं.

रविवारी सकाळी फिल्म सिटी रोडला रिक्षातून उतरणारी टोळकी तुम्हीही बघितली असतील. फोटोवॉक म्हणतात त्याला. गळ्यात दोन-दोन कॅमेरे, पायात डोंगर चढायचे बूट, पाठीला पाण्याची बाटली. जणू संतोष नगर म्हणजे हिमालय. नळावरची बाई, उंबऱ्यात भांडी घासणारी पोरगी, डबा घेऊन निघालेला म्हातारा, नागडं पोर. खच्याक खच्याक खच्याक. आमच्याकडच्या एका मावशीने एकदा विचारलं, कशाला काढतोस रे बाबा? तर तो म्हणतो, "आंटी, आप इधर मत देखो. आप अपना काम करो, नॅचरल आने दो." मावशी उठली. भांडी तशीच टाकून आत गेली, हात पुसले, केस नीट केले, पदर सारखा केला आणि दारात येऊन ताठ उभी राहिली. म्हणाली, आता काढ. तो कॅमेरा खाली घालून पुढच्या गल्लीत गेला. त्याला मावशी नकोच होती. त्याला तिचं भांडी घासणं हवं होतं. तिची नजर कॅमेऱ्याच्या नजरेला भिडली की त्याचा फोटो बिघडतो!

याला उत्स्फूर्त म्हणतात. पण उत्स्फूर्त कोण होता इथे? हा गडी घरून ठरवून निघाला होता. कुठल्या वस्तीत जायचं, उन्हं कुठल्या बाजूने येतात, कुठली लेन्स घ्यायची, कोणाच्या घरासमोर उभं राहायचं, सगळं बेतलेलं. बेत नव्हता तो फक्त मावशीचा. एकाचं नियोजन आणि दुसऱ्याचं बेसावध असणं, याचं मिळून नाव ठेवलं उत्स्फूर्तता.

हाच प्रयोग जरा पलीकडे, गोकुळधामच्या टॉवरांमध्ये करून दाखव म्हणावं. सकाळी साडेसहाला एखाद्या साहेबाचा टॉवेल गुंडाळून दात घासतानाचा कॅण्डिड काढ. वॉचमन गेटवरच कॉलर धरेल, मग सोसायटीचा सेक्रेटरी येईल, मग पोलीस. त्यांच्याकडे क्षण नसतात असं नाही. त्यांच्याकडे भिंती असतात. आमच्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, म्हणून अंघोळ मोरीच्या बाहेर, दात घासणं गटाराच्या काठावर, भांडी उंबऱ्यात, भांडण गल्लीत, मयत रस्त्यावर. आमचं घरातलं जगणं या शहराने रस्त्यावर आणून टाकलंय आणि वर ते फुकट बघायला मिळतं म्हणून त्याला जिवंत म्हणायचं!

या संप्रदायाचा एक मूळपुरुष सांगितला जातो. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ, फ्रान्सचा. थोर फोटोग्राफर, त्याबद्दल वाद नाही. 30 जानेवारी 1948 ला गांधींचा खून झाला त्याच दिवशी थोडं आधी तो त्यांना भेटून गेला होता, नंतरच्या अंत्ययात्रेचे त्याचे फोटो जगभर गाजले. 1952 साली त्याचं पुस्तक आलं. इंग्रजीत त्याचं नाव 'द डिसायसिव्ह मोमेंट'. निर्णायक क्षण! झालं, जगभरच्या कॅमेरेवाल्यांना मंत्र मिळाला. पण मूळ फ्रेंच नाव वेगळंच होतं, 'इमाज आ ला सोव्हेत'. सोव्हेत म्हणजे घाईघाईत, चोरट्यासारखं. फ्रेंचमध्ये हा शब्द वापरतात तो बिनपरवाना फेरीवाल्यांसाठी. म्हणजे आपल्या स्टेशनबाहेर म्युनिसिपालिटीची गाडी दिसली की चादरीची चार टोकं धरून माल उचलून पळणारा माणूस असतो ना, तसं. फ्रेंच नावात निदान कबुली होती की बाबा, हे चोरटं काम आहे. इंग्रजीत चोरीचा महोत्सव झाला. आणि गंमत अशी की हा निर्णायक क्षणवाला अनेकदा जागा आधी हेरायचा, चौकट मनात बसवून उभा राहायचा आणि कोणीतरी तिच्यातून जाईपर्यंत वाट बघायचा. मग बेत कुठे नव्हता? आपल्यातल्या पोरांना ही अर्धी गोष्ट कुणी सांगत नाही. त्यांना फक्त 'उडव' एवढंच शिकवतात.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. 1936, कॅलिफोर्निया, निपोमो नावाचं गाव. वाटाणा खुडायला आलेल्या मजुरांचा तळ, पीक गारठून गेलेलं, हाताला काम नाही. डोरोथिया लँग ही सरकारी खात्याची फोटोग्राफर गाडीतून जाता जाता परत वळली, एका बाईचे आणि तिच्या पोरांचे मोजके फोटो काढले आणि गेली. नाव विचारलं नाही. तो फोटो 'मायग्रंट मदर' म्हणून जगातल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी एक झाला. टपाल तिकिटावर आला, पुस्तकांवर आला. बाईचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती मूळची चेरोकी, म्हणजे तिथल्या आदिवासींपैकी. हे नाव जगाला कळायला 1978 साल उजाडलं. बेचाळीस वर्षं! तोपर्यंत ती नुसती 'आई' होती, गरिबीचा चेहरा होती. त्या फोटोतून तिला दमडी मिळाली नाही आणि तो काढल्याचं तिला दुखत होतं. लँगचा हेतू वाईट नव्हता. तिच्या फोटोंमुळे त्या तळावर अन्न पोचलं, हेही खरं. पण हेतू चांगला असूनही बाईचं नाव पुसलं गेलं, आणि नाव पुसलं जाणं काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता पोझ या शब्दाकडे या.

आपल्या घरातले जुने फोटो काढा. आजोबा खुर्चीत, हात गुडघ्यांवर, डोळे सरळ. आजी शेजारी उभी, पायात चपला ठसठशीत दिसतील अशा. मागे रंगवलेला पडदा, त्याच्यावर कारंजं. शिकलेली पोरं हसतात आता. म्हणतात, केवढे स्टिफ आहेत, लाकडासारखे. अरे, ज्याच्या बापाला गावात पाटलासमोर ताठ उभं राहता येत नव्हतं, तो आयुष्यात पहिल्यांदा ताठ उभा राहिला तो कॅमेऱ्यासमोर. चपला का दिसतात त्या फोटोत? कारण गावाच्या चावडीवरून जाताना त्या हातात घ्याव्या लागत होत्या. त्या माणसाने ठरवून, विचार करून, पैसे साठवून स्वतःची एक प्रतिमा उभी केली. आणि तुम्ही त्याला कृत्रिम म्हणता? त्याचं वाकणं कृत्रिम होतं, लेको. ते हजारो वर्षं त्याच्या अंगावर लादलेलं होतं.

बाबासाहेबांचे फोटो आठवा. सूट, टाय, चष्मा, पुस्तकं. 1934 चा राजगृहावरचा कुटुंबासोबतचा फोटो आठवा, रमाई, यशवंतराव, सगळे नीट बसलेले, पायाशी कुत्रा. कुठे आहे त्यात बेसावध क्षण? हा माणूस बेसावध सापडायला तयारच नव्हता. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितलं की लुगडं नेसायची तऱ्हा बदला, अंगावरचे ते ठरावीक दागिने टाका, ज्यावरून तुमची जात ओळखू येते त्या खुणा फेका. आपण कसे दिसायचं हे दुसरा कोणी ठरवणार नाही, आपण ठरवणार. हे राजकारण आहे. वस्तीवस्तीत, घराघरात, दर 6 डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवर जो फोटो विकला जातो तो या राजकारणाचा फोटो आहे. एखाद्या कॅण्डिडवाल्याने त्यांना थकलेले, जांभई देताना 'टिपलं' असतं आणि तेच सत्य म्हणून भिंतीवर लावा म्हटलं असतं, तर?

अमेरिकेतल्या काळ्यांनी हे फार लवकर ओळखलं होतं. फ्रेडरिक डग्लस, गुलामीतून 1838 मध्ये पळून आलेला माणूस. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ज्याचे सगळ्यात जास्त फोटो निघाले तो हा. दीडशेच्या वर. प्रत्येक फोटोत कोट, केस राखलेले, नजर कठोर. हसायचा नाही, कारण गोऱ्यांच्या चित्रांमधला काळा गुलाम नेहमी दात काढून हसत असायचा. हा माणूस फोटोग्राफीवर व्याख्यानं द्यायचा! पुढे 1942 साली गॉर्डन पार्क्स नावाचा काळा फोटोग्राफर वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत गेला. तिथे रात्री झाडलोट करणारी बाई, एला वॉटसन. त्याने आधी तिच्याशी बोलून तिची सगळी हकिगत ऐकून घेतली. मग तिला अमेरिकेच्या भल्या मोठ्या झेंड्यासमोर उभं केलं, एका हातात झाडू, बाजूला फरशी पुसायचा मॉप, नजर समोर. शंभर टक्के ठरवून केलेला फोटो. त्यानंतर आठवडेच्या आठवडे तो तिच्या घरी, तिच्या चर्चमध्ये जात राहिला. तिचं नाव त्याला माहीत होतं. लँगच्या फोटोसमोर हा ठेवा आणि मला सांगा कुठल्या फोटोत बाई जास्त जिवंत आहे.

आणि रोझा पार्क्सचा तो बसमधला फोटो, खिडकीबाहेर बघणारी, मागच्या सीटवर गोरा माणूस. तो 21 डिसेंबर 1956 चा आहे. बाबासाहेब जाऊन पंधरा दिवस झाले होते. माँटगोमरीच्या बसमधली वंशभेदाची सक्ती उठली त्या दिवशी तो मुद्दाम काढला. मागे बसलेला गोरा कोणी चिडलेला प्रवासी नाही, तो एका वृत्तसंस्थेचा वार्ताहर. आहे ना बनाव? पण त्या बनावात खोटं काय आहे? ती बाई त्या जागेवर बसली होती, तिला 1 डिसेंबर 1955 ला अटक झाली होती, शहरातले काळे वर्षभर पायी चालले होते. फोटोने हे सगळं एका चौकटीत आणून ठेवलं.

इथे कोणीतरी उठून म्हणेल, मग फिल्म सिटीचंच काय वाईट? सगळं ठरवूनच चाललंय की तिथे.

बरोबर प्रश्न आहे आणि तो दिंडोशीकराने नाही विचारायचा तर कोणी! 1977 मध्ये सरकारने ही चित्रनगरी काढली, 2001 मध्ये तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव दिलं. पाचशे एकरांहून जास्त जमीन. (जाता जाता, फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना दाखवणारी छोटी फिल्म केली होती, थोडी थोडी, दिवसागणिक. वाटाणा उत्स्फूर्त नाही अशी तक्रार कोणी केल्याचं ऐकिवात नाही.) तिथे गेटच्या आत झोपडपट्टी उभी केली तर आर्ट डायरेक्टरला पैसे मिळतात, कधी बक्षीसही मिळतं. गेटच्या बाहेर उभी केली तर बुलडोझर येतो. आत टँकरने पाऊस पडतो आणि हिरो भिजतो. आतच आदिवासींचे पाडेही आहेत, चित्रनगरीच्या कितीतरी आधीपासूनचे. पण सिनेमाला आदिवासी हवा असला की पिसं खोवून बाहेरून आणतात.

तेव्हा ठरवून केलं म्हणजे पवित्र झालं असं मी म्हणत नाही. इंग्रजांनी तर काय कमी ठरवून केलं? विल्यम जॉन्सनने 1863 आणि 1866 मध्ये मुंबईच्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसं एका जागी उभी करून फोटो घेतले, मग दुसऱ्याच जागेच्या फोटोवर चिकटवले! पुढे 1868 ते 1875 मध्ये सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' चे आठ खंड काढले, माणसांना जातीच्या लेबलखाली टाचण्या मारून ठेवल्यासारखे. तेही नियोजनच. म्हणून माझं म्हणणं एवढंच, उत्स्फूर्त की ठरवून हा प्रश्नच भुलवणारा आहे. ठरवतं कोण, ते विचारा. चौकटीतल्या माणसाला त्या ठरवण्यात आवाज होता का, ते विचारा.

नागराज मंजुळेचा 'फँड्री' (2013) पाहिलाय ना सगळ्यांनी? डुक्कर काठीला बांधून घरची माणसं खांद्यावरून नेतात आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. ती भिंत आपोआप आली नाही तिथे. माणसं त्या भिंतीसमोरून चालवली, कॅमेरा त्यासाठी लावला, अंतर मोजलं. एकूण एक गोष्ट बेतलेली. आणि थिएटरमध्ये आपल्या घशाला आवंढा आला तो कुठल्या कॅण्डिडने आला होता? तो शॉट बेतणारा माणूस त्या डुकरामागे धावलेल्या पोरांच्या जगातून आलेला होता, म्हणून.

खरं तर हे भांडण आपण साहित्यात एकदा खेळून बसलोय. दलित साहित्य आलं तेव्हा पांढरपेशे समीक्षक काय म्हणत होते? प्रचारकी आहे. ठरवून लिहिलेलं आहे. स्फुरलेलं नाही. यांना कविता स्फुरते, कारण यांच्या घरी दुपारी झोप असते. आमच्या माणसाने रात्रपाळी करून, टॅक्सी चालवून, विचार करकरून शब्द उभे केले की ते बेतलेले! आणि गंमत बघा, आमच्या लिहिण्यात ठरवणं दिसलं की तो दोष, आणि आमच्या फोटोत ठरवणं दिसलं की तोही दोष. आमच्याकडून यांना काय हवंय ते एकदा कळलं. रडणं हवंय, किंकाळी हवी, कच्चा माल हवा. विचार नको.

आता सगळ्यात कठीण मुद्दा. तो मी टाळणार नाही.

2 जुलै 2019. मध्यरात्र उलटून गेलेली. मालाडच्या डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीची संरक्षक भिंत मुसळधार पावसात कोसळली आणि पिंपरीपाडा, आंबेडकर नगरच्या झोपड्यांवर पाणी, चिखल, दगड सगळं एकदम आलं. तीसच्या आसपास माणसं गेली. ती भिंत काही जुनीपुराणी नव्हती, थोड्याच वर्षांमागे बांधलेली होती. अशा वेळी काय पोझ घ्यायची? काय बेत करायचा? चिखलात हात घालून माणूस ओढायचा की फोटो काढायचा? लाठी चालते तेव्हा, बुलडोझर येतो तेव्हा, गावात माणसाला झाडाला बांधतात तेव्हा उडवावाच लागतो फोटो, विचारायला वेळ नसतो. कबूल. हजार वेळा कबूल.

पण पुढचं ऐक. भिंत पडल्यावर सकाळी तिथे किती कॅमेरे आले? शहरातला झाडून प्रत्येक. रडणारी आई, चिखलातली चप्पल, पोराचं दप्तर. सगळं टिपलं. आणि भिंत पडायच्या आधी? त्या भिंतीचा, तिच्या पायाचा, साचलेल्या पाण्याचा फोटो काढायला कुठला निर्णायक क्षणवाला आला होता? येणारच नाही. उभ्या भिंतीत 'क्षण' नसतो. कंटाळवाणा फोटो असतो तो. दगड, सिमेंट, ओल, शेवाळ. त्याला बक्षीस नाही. तो फोटो ठरवूनच काढावा लागतो, महिन्यामागून महिना, त्याच जागेवर उभं राहून. उत्स्फूर्त फोटोग्राफीला आमचं मरण दिसतं, पण मरणाची तयारी दिसत नाही. तयारी दाखवायची तर आपल्यालाही तयारीने जावं लागतं.

आणि कोर्ट. इथेच दिंडोशीला सत्र न्यायालय आहे, एकदा आत जाऊन बसा. तिथे फोटोतला भाव कोणी बघत नाही. फोटो कोणी काढला, कधी, कुठून, कुठल्या यंत्राने, मधे कोणाच्या हातात होता, हे विचारतात. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 65 ब होतं. त्याच्यावरचा मोठा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच खटल्यात आला, जालन्याच्या 2014 च्या निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्ट, 2020. वाद कशावर होता, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओवर. निकाल असा की मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही तर प्रमाणपत्र लागणारच. 1 जुलै 2024 पासून तो जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, आता ते कलम 63. प्रमाणपत्रात फाईलचा हॅश नंबरही द्यावा लागतो, म्हणजे फाईलच्या बोटांचे ठसे म्हणा. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेला फोटो आकुंचन पावलेला असतो, त्याची मूळ वेळ आणि माहिती झडून गेलेली असते. तू जीव धोक्यात घालून लाठीमार उडवलास, ग्रुपवर टाकलास, मेमरी भरली म्हणून मूळ फाईल पुसलीस. खलास. तुझ्या उत्स्फूर्ततेने आरोपी सुटला. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात 2016 पासून कलम 15अ आहे, त्यात या खटल्यांच्या कामकाजाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं असं लिहिलंय. किती वकील ते मागतात? कायद्यालाही कळलंय की नोंद ठरवून ठेवावी लागते.

समोरचा पक्ष बेसावध नसतो, हेही ध्यानात घ्या. 11 जुलै 2016, उना. मेलेल्या गाईचं कातडं सोडवणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. त्याचा व्हिडिओ कोणी काढला? मारणाऱ्यांच्याच टोळीने. ठरवून, दहशत पसरावी म्हणून काढला आणि फिरवला. तोच पुढे देशभरच्या संतापाचं कारण झाला ती गोष्ट वेगळी. त्याच तारखेला, 11 जुलै 1997 ला, घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जण मेले. पोलीस म्हणाले, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. टँकर कुठे होते, जमाव कुठे होता, गोळी कधी सुटली, सगळा प्रश्न अंतराचा आणि वेळेचा. गुंडेवार आयोगाने टँकरची गोष्ट मानली नाही. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' वर चौदा वर्षं घालवली, 2011 मध्ये पुरा केला. चौदा वर्षं कोणी उत्स्फूर्त असतं का?

नामदेव व्हटकरांचं नाव या ओघात घेतलंच पाहिजे, कारण आपल्या पोरांना ते माहीतच नसतं. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब दिल्लीत गेले. 7 ला मुंबईत अंत्ययात्रा. या माणसाच्या डोक्यात आलं की याचं चित्रीकरण व्हायला हवं. कोणी तयार होईना. तेव्हा यांनी स्वतःचा छापखाना गहाण टाकला, कॅमेरा आणि फिल्म उभी केली आणि दादरच्या चौपाटीपर्यंतचा तो माणसांचा समुद्र चित्रित केला. आज अंत्ययात्रेची जी हलती दृश्यं आपण बघतो त्यामागे ही गहाणवट आहे. याला काय म्हणाल? वेळ एका रात्रीचा, म्हणजे उत्स्फूर्त? मला तर ही तयारीच दिसते. दुःखाने डोकं फुटायची वेळ असताना उद्याच्या पिढीला काय लागेल हे ज्याला सुचतं, त्याच्या डोक्यात ते आदल्या रात्री आलेलं नसतं.

आणि आपल्या काळातला सुधारक ओलवे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे त्याचे कृष्णधवल फोटो बघा. गटारात उतरलेली माणसं आहेत, घाण आहे, दारू आहे, घरं आहेत, बायका-पोरं आहेत. पण चोरलेला एकही वाटत नाही. कारण तो त्यांच्यात जाऊन राहिला, परत परत गेला. माणसं त्याला ओळखायला लागली, मग कॅमेऱ्याचं भान आपोआप गळून पडलं. बेसावधपणा आणि विश्वास यात फरक आहे, राजा. कॅण्डिडवाला पहिला चोरतो. दुसरा कमवावा लागतो, त्याला महिने लागतात.

तर त्या पोरासाठी, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी. मावशी दारात ताठ उभी राहिली की तो फोटो आधी काढ. तिला हवा तसा. तिचं नाव, गल्ली, तारीख मागे लिहून ठेव. छापून तिला नेऊन दे, मोबाईलवर नको, हातात दे. मग बघ पुढच्या वेळी ती भांडी घासताना तुला घरात बसवते की नाही.

आणि पावसाळ्याचं काम आत्ताच घ्यायचंय. पिंपरीपाड्यापासून संतोष नगरापर्यंत डोंगराच्या उतारावरची प्रत्येक संरक्षक भिंत, प्रत्येक नाला. चौघाचौघांचे गट करा. भिंतीला पाणी निघायची भोकं आहेत का, बुजलीत का, तडा कुठे आहे, त्याच्याजवळ पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. जागा चुकू नये म्हणून जमिनीवर चुन्याने खूण करा. मूळ फाईल पुसायची नाही. एक प्रत वॉर्ड ऑफिसात द्यायची आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोचेचाही फोटो काढा, शिक्का नीट दिसेल असा.